डेव्हलपमेंट लीग : सात सामन्यांत खेळाडू घडतो का?

लेफ्टबॅक_कोल्हापूर (धागाकर्ता)

आयएसएलवर, म्हणजे देशातल्या अव्वल फुटबॉल लीगवर, बोलणारे पुष्कळ आहेत, पण तिथे उतरणारी पोरं येतात कुठून यावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. विषय मुख्यतः रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगचा, म्हणजे आरएफडीएलचा. ओघाने बाकीच्या युवा लीगही आल्याच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला हंगाम २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये गोव्यात झाला. सात आयएसएल क्लबांचे राखीव संघ आणि आठवा रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स, म्हणजे घणसोलीच्या निवासी अकादमीतली मुलं. भर २१ वर्षांखालच्या खेळाडूंवर. कोविडमुळे दोन वर्षं युवा स्पर्धा जवळपास बंदच होत्या, त्यामुळे १८-१९ वर्षांच्या पोरांना अधिकृत सामना म्हणून काही उरलंच नव्हतं. बंगळुरू एफसी पहिले, केरळा ब्लास्टर्स दुसरे. बक्षीस म्हणून दोघांना त्याच वर्षी इंग्लंडला प्रीमियर लीग क्लबांच्या युवा संघांशी खेळायला मिळालं. पुढच्या वर्षी लीग विभागवार झाली आणि पन्नासहून जास्त संघ आले. २०२४ ला पंजाब एफसी जिंकलं, २०२५ ला मोहन बागान.

आता माझा मुद्दा. आठ संघ, प्रत्येकाशी एकदाच गाठ, म्हणजे गटात सात सामने. नंतर संघ वाढले, पण विभागीय फेरीत बाहेर पडणाऱ्या संघाच्या वाट्याला आजही मूठभरच सामने येतात. १९ वर्षांचा पोरगा वर्षभर सराव करतो आणि गुणांसाठी खेळतो किती वेळा? पासिंग ड्रिल करून पाय तयार होतो. पण ८० व्या मिनिटाला एका गोलची आघाडी असताना चेंडू कॉर्नर फ्लॅगकडे न्यायचा की आत घालायचा, हे ड्रिलमध्ये कुणी शिकवत नाही. ते सामन्यातच कळतं, आणि तेही दोन-चार वेळा हरल्यावर.

लीग वाईट आहे असं अजिबात म्हणत नाही. शिवशक्ती नारायणन २०२२ ला या लीगमध्ये बंगळुरूकडून गोल करत होता आणि पुढच्याच आयएसएल हंगामात उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार घेऊन गेला. विबिन मोहनन याच लीगमधून ब्लास्टर्सच्या मधल्या फळीत पोहोचला. वाट आहे, पण फार अरुंद आहे. जाणकारांनी लिहावं.

---

ठाण्याची_आई

चांगला धागा. मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण मुलगा १५ वर्षांचा आहे, विंगर खेळतो, आणि घरात दुसरा विषय नसतो. माझे प्रश्न साधे आहेत.

एक, या आरएफडीएलमध्ये १५ वर्षांच्या मुलाला शिरता येतं का? दोन, या लीग नेमक्या जानेवारी ते मे याच काळात का असतात? पुढच्या वर्षी दहावी आहे. तीन, आम्हाला एका ठिकाणाहून फोन आला होता, "तुमच्या मुलाची युरोपियन क्लबच्या ट्रायलसाठी निवड झालीय", नोंदणीचे पैसे आधी भरा म्हणाले. मुलाला त्यांनी कधी खेळताना पाहिलंही नव्हतं. हे असंच असतं का सगळीकडे?

---

वाशीकर_रेफ

@ठाण्याची_आई, तिसऱ्याचं उत्तर आधी : पैसे भरू नका. न बघता निवड होत नसते. खरा स्काउट मैदानावर येतो, मागे उभा राहतो, आणि बहुतेक वेळा कुणाशी बोलतही नाही.

पहिल्याचं उत्तर : १५ व्या वर्षी आरएफडीएलचा विचारच नको. त्या वयासाठी एआयएफएफच्या, म्हणजे भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या, १३, १५ आणि १७ वर्षांखालच्या लीग आहेत. त्यात उतरायला मान्यताप्राप्त अकादमी किंवा क्लब लागतो. फेडरेशन अकादम्यांना तारांकित मान्यता देतं, त्यांची यादी जाहीर असते. प्रवेश घेण्याआधी त्यात नाव आहे का ते बघा. दहावीबद्दल दुसरे पालक सांगतील. मी शिट्टीवाला माणूस.

---

तालीम_जिंदाबाद

लेफ्टबॅक भावा, तू कोल्हापूरचा असून हा प्रश्न विचारतोस याचं नवल वाटलं.

शाहू स्टेडियमला केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगचा सामना असला की काय होतं ते तुला सांगायला नको. पेठांचे, तालमींचे संघ : पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस, नाहीतर दिलबहार विरुद्ध बालगोपाल. दुपारीच गॅलरी भरायला लागते, हलगी सुरू होते, रस्त्यात पान टपरीवरसुद्धा पहिल्या अकरात कोण याच्यावरच वाद. त्या मैदानावर १८ वर्षांचं पोरगं पहिल्यांदा उतरतं तेव्हा त्याच्या गल्लीतली सगळी माणसं वर बसलेली असतात. पेनल्टी चुकवली तर दुसऱ्या दिवशी दूध आणायला बाहेर पडायची सोय नाही. एवढं दडपण तुझ्या डेव्हलपमेंट लीगला कुठून मिळणार? तिथं प्रेक्षक म्हणजे चार पालक आणि राखीव गोलकीपर.

अनिकेत जाधव बघ. कोल्हापूरचा पोरगा, वडील रिक्षा चालवायचे. पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१७ ला भारताकडून १७ वर्षांखालचा विश्वचषक खेळला, मग फेडरेशनचा युवा संघ इंडियन ॲरोज, जमशेदपूर आणि पुढं. फुटबॉलची हौस कुठनं आली? पेठेतनंच की.

---

लेफ्टबॅक_कोल्हापूर

@तालीम_जिंदाबाद, हौस पेठेतली, हे शंभर टक्के मान्य. पण तूच लिहिलंस की "पुण्याला गेला". अनिकेत लहानपणीच प्रबोधिनीत गेला म्हणून पुढे गेला. शाहू स्टेडियमवर १८ व्या वर्षी आलेला पोरगा तिथेच २८ व्या वर्षीही दिसतो. उत्तम खेळतो, पेठेत देवासारखा मान मिळतो, आणि कोल्हापूरच्या वेशीबाहेर त्याचं नाव कुणाला माहीत नसतं.

आणि आता तर मोठ्या तालमी बाहेरचे खेळाडू आणतात, परदेशीही आणतात. त्यांच्या जागी पेठेतलाच कुणीतरी बाकावर बसतो. दडपण चांगलंच, पण ते १८ व्या वर्षी. १२ ते १७ मध्ये आपल्या पोरांना वर्षभराचं वेळापत्रक कोण देतं?

---

तालीम_जिंदाबाद

हे मात्र बरोबर बोललास. लहान गटाची स्पर्धा आली की आली, झाली की संपली. चषकाच्या रकमेला पुरस्कर्ता लगेच मिळतो, १४ वर्षांच्या पोरांच्या लीगला मिळत नाही. बोलणार कुणाला.

---

बाणावलीचो_गोलकीपर

मी गोव्यातून. २०२२ चे काही सामने आमच्या बाणावलीच्या मैदानावर झाले, ते पाहिले. गोव्याचं ऊन ठाऊक असेलच, एप्रिलमध्ये त्या मैदानावर उभं राहणंसुद्धा कठीण. पण दर्जा चांगला होता. बंगळुरूची मुलं चेंडू हरवला की तीन-चार सेकंदांत झडप घालून परत घेत होती, सगळी एकदम, कुणी ओरडून सांगावं लागत नव्हतं. म्हणजे वरचा संघ जसा खेळतो तसाच खालचा. ते मला आवडलं.

सामन्यांच्या संख्येबद्दल आमच्याकडचं सांगतो. एफसी गोवाचा राखीव संघ आरएफडीएलवर अवलंबून बसत नाही. तो गोवा प्रोफेशनल लीगसुद्धा खेळतो, धेंपो, साळगावकर, चर्चिल यांच्यासारख्या संघांशी. तिथे समोर ३२ वर्षांचा बचावपटू असतो, ज्याने आयएसएलआधीच्या राष्ट्रीय आय-लीगचा जमाना पाहिलाय. तो तुमच्या पोराला कोपर कसं लावायचं आणि पंचांना दिसू कसं द्यायचं नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत शिकवतो. १९ वर्षांच्या मुलाला समवयस्कांपेक्षा त्याच्याकडून जास्त मिळतं, असं माझं मत.

म्हणून लेफ्टबॅकबाबांचा प्रश्न असा मांडतो : आरएफडीएल मोठी करायची, की राज्यांच्या लीग नीट चालवून त्यात राखीव संघ उतरवायचे?

---

वाचनमात्र_मिलिंद

+१. राज्य लीगचा मुद्दा महत्त्वाचा. वाचतोय.

---

श्टुटगार्टची_स्वारी

जर्मनीत राहतो, मुलगा गावच्या क्लबात खेळतो, त्यामुळे इथलं जवळून दिसतं.

जर्मनी युरो २००० मध्ये गटातच बाहेर पडली, एकही सामना न जिंकता. त्यानंतर फेडरेशनने बुंडेसलीगा क्लबांना युवा अकादमी सक्तीची केली आणि देशभर साडेतीनशेहून जास्त प्रशिक्षण केंद्रं उभारली. क्लबात असलेल्या मुलांना आठवड्यातून एकदा तिथे जादा सराव, जवळच्या जवळ. २००३ मध्ये १९ वर्षांखालची बुंडेसलीगा आली. तीन विभाग, प्रत्येकात १४ संघ, घरी आणि बाहेर. हिशेब करा, २६ सामने. वर चषक आणि चांगल्या संघांना युरोपियन स्पर्धा वेगळी. २०१४ च्या अंतिम सामन्यात गोल करणारा ग्योत्झे डॉर्टमुंडच्या युवा संघांतून याच व्यवस्थेत वर आलेला.

पण गंमत पुढे आहे. हीच लीग त्यांनी २०२४ मध्ये गुंडाळली! आता नवी रचना आहे आणि अकादमी असलेल्या क्लबांना खाली घसरण्याची भीती नाही. कारण असं की प्रशिक्षक खालच्या गटात जायच्या धास्तीने धिप्पाड मुलं खेळवत होते, चेंडू लांब फेकत होते आणि लहानखुरी, हुशार पोरं बाकावर. सामने भरपूर होते, पण शिकायला कमी मिळत होतं असं त्यांचं निदान. अगदी लहान गटांत तर गुणतक्तेही काढून टाकले. माझ्या मुलाच्या गटात छोट्या गोलांवर तीन-तीन जण खेळतात, प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो. आजोबा मंडळी मात्र चिडलीत, "स्कोअर किती झाला ते तरी सांगा" म्हणतात.

तेव्हा नुसती संख्या मोजून चालणार नाही.

---

कट्टर_कूपरेज

हे "निकाल महत्त्वाचा नाही" प्रकरण मला पटत नाही. जर्मनीला चालेल, त्यांच्याकडे वरती भयंकर स्पर्धा आहे. आपल्याकडे आयएसएललाच इतकी वर्षं पदावनती, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरणं, प्रत्यक्षात नव्हतं. वर भीती नाही, खाली भीती नाही, मग पोराने जीव कशासाठी टाकायचा? मुंबईत शालेय फुटबॉल बघा. एमएसएसएच्या, म्हणजे शाळांच्या क्रीडा संघटनेच्या, बाद फेरीत हरलेली मुलं आझाद मैदानावर बसून रडतात. ती पुढच्या वर्षी वेगळीच होऊन येतात.

---

लेफ्टबॅक_कोल्हापूर

@कट्टर_कूपरेज, याला आपल्याच देशातलं उदाहरण आहे. इंडियन ॲरोज.

२०१७ च्या विश्वचषक संघातली मुलं फुटायला नकोत म्हणून फेडरेशनने ॲरोज पुन्हा सुरू केली आणि थेट आय-लीगमध्ये उतरवली. दहा संघ, १८ सामने, समोर ईस्ट बंगाल, मोहन बागान. वय १७-१८. खाली घसरण्याचा नियम त्यांना लागू नव्हता. शेवटचे आले. तरीही कुणी जीव टाकला नाही असं म्हणता येईल का? शिलाँग लाजाँगविरुद्ध नोंगडांबा नाओरेमने एकट्याने बचाव चुकवत केलेला गोल अजून लोक शोधून बघतात. त्याच वर्षी ज्यांना नियमित खेळायला मिळालं त्यातले अन्वर अली, जिक्सन, अमरजीत, अनिकेत, सगळे पुढे आयएसएलमध्ये गेले.

२०२२ मध्ये ॲरोज बंद केली. युक्तिवाद असा की एकाच संघावर खर्च करण्यापेक्षा देशभर युवा लीग चालवू. युक्तिवाद चूक नाही. २०-२५ मुलांपेक्षा हजारो मुलांना सामने मिळणं केव्हाही चांगलं. पण ॲरोजच्या पोराला वर्षात १८ वेळा मोठ्या माणसांशी दोन हात करावे लागत, आणि त्या जागी आज १८ वर्षांच्या मुलाला काय मिळतं? मी सात सामन्यांवर अडून बसलोय ते यासाठी.

@श्टुटगार्टची_स्वारी, तुमचा मुद्दा पोहोचला. पण जर्मनी २६ वरून विचार करतेय, आपण सातवरून. पोटभर जेवणारा पथ्य पाळतो, उपाशी माणसाने पाळू नये.

---

वाशीकर_रेफ

एक गोष्ट कुणी काढली नाही, ती काढतो. वयचोरी.

कागदावर १५ आणि दाढी आलेली. रेफ्री म्हणून मला दिसतं, पण मी काहीच करू शकत नाही, ओळखपत्र बरोबर असतं. फेडरेशन लहान गटांसाठी टीडब्ल्यू-३ चाचणी करतं, डाव्या मनगटाचा आणि हाताचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय ठरवतात. त्यातही थोडं मागेपुढे होतं. खरोखर १४ चा असलेला पण लवकर वाढलेला मुलगा बाहेर पडू शकतो. तरी नसण्यापेक्षा बरी.

वयचोरीचं नुकसान लोकांना वाटतं ते नाही. चषक चुकीच्या संघाला गेला, हे फार मोठं दुःख नाही. खरा मार त्या थोराड पोरालाच बसतो. तो १५ वर्षांखालच्यांत नुसत्या ताकदीवर गोल करतो, त्याला पहिला स्पर्श सुधारायची गरजच पडत नाही. १९ व्या वर्षी सगळे त्याच्याएवढे होतात आणि मग त्याच्याकडे काहीच उरत नाही. कोचला तोवर बढती मिळालेली असते.

दुसरं, पालकांनो, सीआरएस नोंदणी. फेडरेशनच्या त्या संगणकीय नोंदीत मुलगा ज्या क्लबाच्या नावावर आहे, त्याच्याकडूनच तो अधिकृत स्पर्धा खेळतो. सही करण्याआधी मुदत बघा, सोडायचं झालं तर काय, ते विचारा. माझ्यासमोर एक मुलगा पूर्ण हंगाम बाहेर बसला, कारण जुना क्लब त्याला खेळवतही नव्हता आणि सोडतही नव्हता.

---

डेक्कनचा_दहा_नंबर

पुण्याचं दुःख मांडतो, कारण इथे कुणीतरी मांडायलाच हवं.

पुणे एफसीने मामुर्डीला अकादमी काढली होती. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन तिथूनच वर आला आणि पुढे स्पेनला विलारेयालच्या युवा संघात काही काळ राहून आला. डीएसके शिवाजियन्सने लिव्हरपूलच्या नावाची निवासी अकादमी चालवली, मिझोरामचा छांगते त्यांच्याकडे होता. आज तो देशातला पहिल्या नंबरचा विंगर. नंतर एफसी पुणे सिटी. तिन्ही आज नाहीत. पुणे एफसी २०१५ ला, डीएसके २०१७ ला, पुणे सिटी २०१९ ला. पुणे सिटीची जागा हैदराबादला गेली.

क्लब बंद झाल्याची बातमी येते तेव्हा सगळे मोठ्या खेळाडूंचं काय होणार ते विचारतात. ते दुसरीकडे जातात. बारा-चौदा वर्षांची पोरं मात्र एका सकाळी किट बॅग घेऊन घरी परततात. तुम्ही सामने सात असावेत की सव्वीस यावर भांडताय. आधी क्लब दहा वर्षं टिकेल याची तजवीज करा. २०२५ मध्ये तर आयएसएलच अधांतरी लटकली होती, क्लबांनी सराव थांबवले. अशा वेळी कात्री पहिली कुठे लागते? युवा संघांवरच.

---

सातारी_मिरची

मुलींचं काय हो? संपूर्ण धाग्यात एक अक्षर नाही. २०२२ ला मुलींचा १७ वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईतही सामने झाले. आरएफडीएल मुलांचीच. माझी भाची गोलकीपर आहे, मुलांच्या संघात सराव करते आणि स्पर्धा आली की घरी बसते.

---

बाणावलीचो_गोलकीपर

@सातारी_मिरची, वेगळा धागा काढा, मी येतो. गोलकीपर म्हटल्यावर सोडणार नाही.

---

नवीन_पनवेलचा_बाप

@ठाण्याची_आई, दहावीबद्दल. आमचा थोरला यातून गेला.

लीग परीक्षेच्या हंगामात येतात कारण त्याआधी पावसाळा आणि मग सणवार, मैदानं मिळतात ती थंडीनंतर. हे बदलणार नाही असं धरून चाला. आम्ही मुक्त विद्यालयाकडून, म्हणजे एनआयओएसकडून दहावी करवली. विषय थोडे-थोडे करून देता येतात, त्यामुळे हंगाम आणि पेपर भिडले नाहीत. नातेवाईकांनी "शाळा सोडवली" म्हणून तोंडं वाकडी केली, पण पुढे अकरावीला अडचण आली नाही.

आता मुलगा १९ चा आहे, राखीव संघात आहे. गेल्या हंगामात विभागीय फेरीतच बाहेर पडले, तेव्हा लेफ्टबॅक म्हणतात ते आम्ही घरात भोगलंय. फेब्रुवारीपासून तयारी आणि एप्रिल उजाडायच्या आत सगळं संपलं. वरच्या संघात त्याच्या जागेवर परदेशी स्ट्रायकर आहे. तो जखमी झाला की दुसरा परदेशी येतो. मुलाला मी विचारलं, दुसऱ्या फळीतल्या लीगमधल्या क्लबात जातोस का, रोज खेळायला मिळेल. तो विचार करतोय. किट इथलं भारी आहे, फिजिओ आहे, जेवण आहे, त्यामुळे पाय निघत नाही.

---

लेफ्टबॅक_कोल्हापूर

@नवीन_पनवेलचा_बाप, माझं ऐकाल तर त्याला जाऊ द्या. त्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये तक्त्याच्या मध्यावरचा संघही चालेल, पण ९० मिनिटं मिळाली पाहिजेत. सुनील छेत्रीसुद्धा मोहन बागाननंतर पंजाबच्या जेसीटी क्लबला गेला आणि तिथे खेळून मोठा झाला.

---

ठाण्याची_आई

सगळ्यांचे आभार. फोनवाल्यांना नाही म्हणून कळवलं. मान्यताप्राप्त अकादम्यांची यादी काढली, आमच्या जवळच्या दोन आहेत. @नवीन_पनवेलचा_बाप, एनआयओएसच्या अर्जाबद्दल निरोप पाठवलाय. @वाशीकर_रेफ, सीआरएसच्या फॉर्मवर मुदत नेमकी कुठल्या रकान्यात असते?

---

वाशीकर_रेफ

नुसता फॉर्म बघू नका, क्लब जो वेगळा करार पुढे करतो त्याची प्रत मागा. प्रत द्यायला टाळाटाळ केली तर दुसऱ्या अकादमीत जा.